सव्वा मूठ

अभिमन पाटील दारू पितो, हे जळगावच्या डाळमिलमधल्या हमालापासून बोरखेड्याच्या देवळाच्या ओट्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त दारूला. तिची आणि अभिमनची उभ्या आयुष्यात गाठ पडली नव्हती.

ही बातमी पसरवली होती त्याच्या सख्ख्या मोठ्या भावानं, निंबा नानानं, आणि तीही म्हणे त्याच्या भल्यासाठी. अभिमनचा हात कापायचा. तो गोळ्यांनी कापायचा, आणि त्या गोळ्या मनाच्या आजारावर धुळ्याच्या एका डॉक्टरांनी दिलेल्या होत्या. आता गावात कुणी विचारलं, तुमच्या भावाचा हात का हो कापतो, तर नानानं काय सांगावं? डोक्याच्या डॉक्टराचं नाव सांगावं? त्यापेक्षा नाना एक डोळा बारीक करायचा आणि अंगठा ओठाकडे नेऊन दाखवायचा. समोरचा समजायचा, हसायचा, विषय संपायचा. दारू पिणारा माणूस वाया गेलेला असला तरी घरातलाच असतो. त्याला शिव्या घालता येतात, लग्नात नाचवता येतो. पण डोक्याच्या डॉक्टराकडे गेला की तो एकट्याचा आजार राहत नाही, सगळ्या घराण्याला डाग लागतो. असं हे आपल्या लोकांचं शहाणपण, आणि त्यावर कुणाला लाज वाटल्याचं ऐकिवात नाही.

डाळमिलमध्ये अभिमनचं काम मोलाचं होतं. तुरीची, हरभऱ्याची गाडी आली की तो गोणीत हात घालायचा, मूठभर दाणा तळहातावर पसरायचा आणि सांगायचा, यात ओल आहे, यात पिचका दाणा जास्त, ही गोणी घ्या, ती परत करा. वीस वर्षं तो हेच करत होता. हात कापायला लागल्यावर तळहातावरचे दाणे नाचू लागले. हमाल एकमेकांना कोपर मारायचे. त्यांच्यातला एक जण तर प्रेमानं सांगायचा, "भाऊ, सकाळी लिंबूपाणी घेत चला, उतरते." शेठ मात्र एकदाच बोलले होते. म्हणाले, "हात कापतो तर कापू दे, नजर कापत नाही ना?" तेवढ्यावर अभिमनची नोकरी टिकून होती.

आजार सुरू होऊन अकरा वर्षं झाली होती. तो कसा असतो ते अभिमनला कुणाला नीट सांगता आलं नव्हतं. दुःख झालंय म्हणावं तर दुःखासारखं काही घडलेलं नव्हतं. बायको चांगली, मुलगी हुशार, जळगावच्या पिंप्राळ्यात दोन खोल्यांचं स्वतःचं घर. पण सकाळी जाग आली की अंगावर कुणी ओली गोणी टाकून ठेवल्यासारखं वाटायचं. खाटेवरून पाय खाली ठेवायचा, एवढ्या गोष्टीला अर्धा तास लागायचा. दात घासायला बसला की ब्रश हातात तसाच राहायचा. समोर जेवणाचं ताट आलं की ते आपल्यासाठी आलंय हेच खरं वाटायचं नाही. मग काही महिने बरे जायचे, तो हसायचा, सिनेमाला जायचा, आणि एखाद्या सकाळी ती गोणी पुन्हा अंगावर. आळशी म्हणणारे त्याला आळशी म्हणत, आणि तोही स्वतःला तेच म्हणे. इतरांपेक्षा जरा जास्तच म्हणे.

जळगावात कुणी पाहू नये म्हणून तो धुळ्याला जायचा. महिन्यातून एकदा, एसटीनं. पण या लपवाछपवीतली गंमत बघा. धुळ्याची एसटी पारोळ्यावरून जाते, आणि पारोळा म्हणजे त्याचाच तालुका. त्याचं गाव बोरखेडं तिथून सहा मैलांवर. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबायची आणि त्या दहा मिनिटांत गावचा एक तरी माणूस दिसायचाच. म्हणून अभिमन गाडी एरंडोल सोडायच्या आतच वर्तमानपत्र उघडून तोंडापुढे धरायचा, ते पारोळा मागे पडेपर्यंत. अकरा वर्षं त्यानं आपल्याच तालुक्यातून चोरासारखा प्रवास केला. कधी पेपर उलटा धरला गेल्याचंही त्याला पुढे मुकटी गाव आल्यावर कळायचं.

घरी बायको प्रमिला शेजाऱ्यांना सांगायची, यांना पित्ताचा त्रास आहे. गोळ्याही पित्ताच्याच. तिलाही दोष देण्यात अर्थ नाही. तिला एकटीला सगळं सावरायचं होतं.

अठ्ठ्याऐंशी सालच्या एप्रिलमध्ये अभिमन मरायला निघाला. कसा आणि कुठे, ते सांगण्याची गरज नाही. तो परत आला, एवढं पुरे. का परत आला हे त्यालाही सांगता आलं नसतं. दारात उभा राहून तो प्रमिलाला म्हणाला, "मला धुळ्याला ने. आज. आत्ता." वीस दिवस तो दवाखान्यात होता. डॉक्टरांनी विजेचे शॉक दिले, गोळ्या बदलल्या. जूनमध्ये तो पुन्हा गोण्यांत हात घालू लागला. हात आधीपेक्षा जास्त कापत होता, पण तो कामावर होता.

आणि श्रावण लागता लागता नानाचं कार्ड आलं.

पोस्टमननं ते शालूच्या हातात दिलं. शालू बारा वर्षांची, अभिमनची एकुलती एक. तिनं शाळेतल्या धड्यासारखं मोठ्यानं वाचलं, "चि. अभिमन यास अनेक आशीर्वाद. विशेष. आपली लता हिची सोयरीक धुळ्याकडील तोताराम आप्पांच्या घरी जमत आहे. त्यांच्या कानावर तुझ्या दवाखान्याबद्दल कोणीतरी घातले आहे. भगताने सांगितले की तुझी मूठ यंदा राहू द्यावी. तरी रोटास येऊ नये. गैरसमज नसावा. तब्येतीस जपावे."

हे ज्याला कळत नाही त्याला आमचे रोट सांगायला हवेत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघरी कानबाई बसते. ती देवीही आणि माहेरी आलेली लेकही. तिचा नैवेद्य म्हणजे रोट. पण रोटाला कुठलंही पीठ चालत नाही. भाऊबंदकीतल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. सगळ्यांचे गहू एकत्र दळायचे, आणि त्या पिठाच्या पुरणपोळ्या भाऊबंदांनीच खायच्या, बाहेरच्यानं नाही. बायकांची मूठ निघत नाही. त्या गहू निवडतात, दळतात, पोळ्या लाटतात आणि शेवटी उरलेलं खातात. हे कुणी ठरवलं ते विचारू नका, ठरवणाऱ्याची मूठ नक्की निघत असणार. पण पुरुष म्हटला की पाळण्यातल्या पोराचीही मूठ निघते. सुरतेला गिरणीत गेलेल्याची निघते. चुलतभाऊ झुलालनं बांधावरून एकाचं डोकं फोडलं आणि तो तीन वर्षं तुरुंगात होता, तेव्हाही दर श्रावणात त्याची मूठ निघाली.

निघत नाही ती फक्त मेलेल्याची.

शालू कार्ड हातात धरून वडिलांना म्हणाली, "दादा, मूठ राहू द्यायची म्हणजे मागच्या वर्षी आबांची राहू दिली तशी?" आबा म्हणजे तिचे आजोबा. ते गेल्या वर्षीच्या माघात वारले होते.

प्रमिलानं तिच्या हातातून कार्ड ओढून घेतलं. "जा, अभ्यास कर," म्हणाली. मग अभिमनकडे वळून म्हणाली, "नका जाऊ. लताचं तरी नीट होऊ द्या. आपण इथंच चार पोळ्या करू."

अभिमन मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसला. प्रश्न नानाच्या मुलीच्या लग्नाचा होता आणि नानाचं गणित त्याला लख्ख दिसत होतं. रोटात नाव नाही म्हणजे माणूस भाऊबंदकीत नाही. तोताराम आप्पांनी विचारलं की नाना सांगणार, तो आमच्यातला राहिलाच नाही, बघा, त्याची मूठसुद्धा काढत नाही आम्ही. दारूच्या थापेवर भागत होतं तोवर ती चालली. आता धुळ्याच्या माणसानं धुळ्याचा दवाखाना पाहिला, तेव्हा भावालाच मारून टाकलं. तेही पोस्टकार्डावर, आशीर्वाद देऊन.

पायरीवर बसल्या बसल्या अभिमनला राग आला. आणि राग आला याचंच त्याला नवल वाटलं. या आजारात माणसाची भूक जाते, झोप जाते, तसा रागही जातो. कुणी काही बोललं की आपलंच चुकलं असेल असं वाटत राहतं. कित्येक महिन्यांत त्याच्या छातीत असं गरम काही हललं नव्हतं. त्याला तो राग आवडला. त्यानं तो कुणाला दाखवला नाही, चार दिवस नीट जपून ठेवला.

शनिवारी सकाळी त्यानं धुतलेला पायजमा-सदरा घातला, गोळ्या घेतल्या आणि म्हणाला, "चला. रोटाला जायचंय." प्रमिलानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पिशवी भरली.

एसटीत एरंडोल गेलं तरी पेपर पिशवीतच होता. पारोळ्याला उतरून बोरखेड्याच्या गाडीची वाट पाहायची होती. स्टँडवरच्या टपरीचा हिलाल त्याच्याच गावचा. अभिमन टपरीपुढे जाऊन उभा राहिला. हिलालनं चहा दिला, कप बशीवर खडखड वाजायला लागला, आणि हिलाल मिश्कीलपणे म्हणाला, "काय अभिमनभाऊ, आज सकाळेच का?"

"गोळ्यासनी हात कापस," अभिमन म्हणाला.

"कसान्या गोळ्या?"

"मनना आजारन्या. धुळाले डोक्याना डॉक्टर शे, त्यानाकडे जास मी. अकरा साल व्हई गयात."

हिलालचं मिश्कील तोंड तसंच राहिलं, पण त्यातलं हसू गेलं. "मी समजे तुमी पेतस," तो म्हणाला. "नानानी तर सांगेल व्हतं..."

"नानानी खोटं सांगं."

बाकड्यावर बसलेले दोघंतिघं आता उघड उघड पाहू लागले. प्रमिलानं पदर तोंडापाशी नेला. आभाळ मात्र कोसळलं नाही. हिलालनं थोडा वेळ गाळणं झटकलं आणि अभिमनचा कप पुन्हा भरला. अकरा वर्षं ज्या दहा मिनिटांना तो घाबरत होता ती अशी चहा पिण्यात गेली. एवढ्यासाठी आपण एवढे पेपर वाया घालवले, असं त्याला वाटलं, आणि राग आणखी चढला.

बोरखेड्याच्या घरापुढच्या ओट्यावर घोंगडी अंथरलेली होती. तिच्यावर साठीचा, पांढऱ्या टोपीचा एक माणूस चहा पीत बसला होता. हेच तोताराम आप्पा, मुलाचे वडील, लताच्या लग्नाची तारीख ठरवायला आलेले. त्यांच्याशेजारी बसलेल्या नानानं अभिमनला येताना पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. अभिमननं दोघांना रामराम केला आणि सरळ आत गेला. नाना घाईघाईनं त्याच्या मागे.

मधल्या घरात मुठी काढायची तयारी चालली होती. नानाची बायको पार्वताबाई सूप पुढे घेऊन बसली होती, शेजारी निवडलेल्या गव्हाची पाटी. भिंतीला टेकून म्हातारी भिकुबाई, या दोघा भावांची आई. ती विधवा झाल्यापासून तिला या कामात कुणी काही विचारत नव्हतं. दुसऱ्या कोपऱ्यात चुलती द्रौपदाबाई. झुलाल आणि आणखी दोन चुलतभाऊ, सुपडू आणि गुलाब, दारापाशी बसलेले. स्वैपाकघराच्या दारात लता डाळ निवडत होती. अभिमनला पाहून सगळ्यांचे हात थांबले.

नानानं आवाज दाबून विचारलं, "कागद भेटना नही का तुले?"

"भेटना."

"मंग?"

"म्हनीसन तर उनू," अभिमन म्हणाला आणि झुलालशेजारी मांडी घालून बसला.

नानाला वाटलं, काम पुढे रेटलं तर हा गप्प बसेल. आजवर गप्पच बसत आला होता. त्यानं नावं घ्यायला सुरुवात केली. नावं वयाच्या क्रमानं घ्यायची असतात. "निंबा," तो म्हणाला, पार्वताबाईनं मूठभर गहू सुपात टाकले, वर पाव मूठ. "झुलाल." पुन्हा सव्वा मूठ. "सुपडू." सव्वा मूठ. आणि मग नाना घसा खाकरून म्हणाला, "गुलाब."

गुलाब अभिमनपेक्षा सात वर्षांनी लहान. पार्वताबाईनं हात गव्हात घातला, पण वर काढला नाही.

"नाना," अभिमन म्हणाला, "सुपडूना नंतर कोन शे?"

"हळू बोल. तोताराम आप्पा बाहेर बठेल शेतस."

"अकरा साल हळूच बोलनू. आते नही." आणि तो खरोखर मोठ्यानं बोलू लागला, ओट्यावर काय, गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. त्याचा आवाज चिरकत होता, हात मांडीवर उडत होता, ते त्यानं लपवलं नाही. "बठ्ठा आयकी ल्या. माले दारूनं येसन नही. माले मनना आजार शे. गोळ्या खास मी, मरसू तवयपर्यंत खाना पडतीन कदाचित. एप्रिलमा मी मराले गयथू. परत उनू. वीस दिन दवाखानामा ऱ्हायनू, विजेना शॉक लिन्हात. त्यानी माले लाज वाटत नही. इतला दिन वाटनी, ती मनी चूक व्हती."

"येडा व्हई गया का तू? चूप बस," नाना ओरडला. हळू बोलायचं आता त्याच्याही ध्यानात राहिलं नाही.

"येडा नही, आजारी शे. नाना, रोज सकाळे खाटवरथून उठाले माले जितलं बळ लागस ना, तितलं तुले बठ्ठं वावर वखराले बी लागस नही. तरी मी रोज उठस. काम करस. घर चालाडस. झुलाल जेलमा व्हता तवय बी त्यानी मूठ काढी तुमी. त्यानं मानूसनं डोकं फोडं. मी कोनं काय फोडं?"

झुलाल जमिनीकडे पाहू लागला.

"मूठ मरेलनी निंघत नही," अभिमन म्हणाला. "मी मरता मरता ऱ्हायनू, नाना. मरेल नही शे."

नाना खाली बसला. तो वाईट माणूस नव्हता. लहानपणी अभिमनला खांद्यावर घेऊन त्यानं नदी ओलांडली होती, आबांच्या मारापुढे स्वतः उभा राहिला होता. पण लोक काय म्हणतील या भीतीनं माणूस खांद्यावरचा भाऊसुद्धा खाली टाकतो. "अरे, पन लता?" तो म्हणाला, आणि त्याचा आवाज रडवा झाला. "तुनापायी पोरनं वाटोळं व्हवाले नको."

तेव्हा कोपऱ्यातून द्रौपदाबाई बोलली. ती कधी बोलायची नाही. दहा वर्षांपूर्वी तिचा मुलगा वाल्मीक विहिरीत पडून गेला, तेव्हापासून ती सणासमारंभाला यायची, कोपरा धरायची, काम उरकलं की जायची.

"निंबा," ती म्हणाली, "मना वाल्मीक गया तवय तू गावले काय सांगं?"

नानानं पार्वताबाईच्या पुढचं सूप उगाच सरळ केलं.

"पाय घसरना, असं सांगं. मी बी तेच सांगं. त्याना पाय घसरना नव्हता. बठ्ठासले माहीत शे." तिचा आवाज कोरडा होता, तिचे डोळेही कोरडे होते. "सा महिना पोऱ्या खाटवर पडेल व्हता. जेवे नही, बोले नही. आमी त्याले आळशी म्हनूत. भगतनी धूर दिन्हा, मारं बी. एक दिन माले म्हने, माय, माले काय व्हई ऱ्हायनं ते माले समजत नही. आनि मी त्याले काय म्हननू? मी म्हननू, वावरमा जाय, बरं वाटी." तिनं अभिमनकडे बोट केलं. "हाऊ पोऱ्या सांगी ऱ्हायना त्याले काय व्हस ते. त्याले सांगता ई ऱ्हायनं. मना वाल्मीकले आयकाले कोनी नव्हतं. दहा साल मी त्यानी मूठ निंघताना देखी नही, मेल्यानी निंघत नही म्हनीसन. आते जित्तानी बी सोडतस का?"

अभिमनला वाल्मीक आठवला, खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला. तेव्हा अभिमनच्या स्वतःच्या आजाराला वर्ष झालं होतं, धुळ्याचा पत्ता त्याच्या खिशात होता, आणि त्यानं तो वाल्मीकला दिला नव्हता, आपलं फुटेल म्हणून. हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आताही सांगता आलं नाही. पण त्या दिवशी सगळ्यात जास्त चीड त्याला नानाची नाही, स्वतःच्या त्या गप्प बसण्याची आली.

उंबऱ्याबाहेर तोताराम आप्पा येऊन उभे होते. केव्हापासून, कुणास ठाऊक. टोपी हातात घेऊन त्यांनी विचारलं, "अभिमनभाऊ, एक इचारू का? हाई रगतमा ऱ्हास का? पोरले व्हई का?"

नानानं डोकं गुडघ्यात घातलं.

अभिमन उठून उंबऱ्याशी गेला. "माले माहीत नही, आप्पा," तो म्हणाला. "मी बी डॉक्टरले इचारं. ते म्हनेत, कोनले बी व्हई शकस. लताले व्हई शकस, तुमना पोऱ्याले बी व्हई शकस. नही व्हनार असं खोटं मी सांगत नही. पन व्हयनं तर लपाडू नका. माले बलावा, मी सोता धुळाले लयी जासू."

आप्पांनी टोपी दोन्ही हातांत फिरवली. "बरं," म्हणाले. "घरमा इचारीसन कळाडतस." त्यांच्या तोंडावरून होकार की नकार, काही समजत नव्हतं. ते पुन्हा ओट्यावर जाऊन बसले.

"गयी," नाना म्हणाला. "गयी सोयरीक."

लतानं डाळीचं ताट खाली ठेवलं. एकोणीस वर्षांची पोर, आजवर बापापुढे मान वर करून बोलली नव्हती. "गयी तर जाऊ द्या, नाना," ती म्हणाली. "खोटं सांगीसन जमेल घरमा मी जनमभर काय करू? उद्या माले काय व्हयनं तर माले बी असंच काढी टाकतीन. पहिले काकानी मूठ काढा."

सगळ्यांनी पार्वताबाईकडे पाहिलं. पार्वताबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. नानानं मान वर केली नाही, नाहीही म्हणाला नाही. तिचा हात गव्हात तसाच रुतलेला होता.

"ऱ्हाऊ दे, वयनी," अभिमन म्हणाला. "मनी मूठ मीच काढस. वीस साल दुसराना गोण्यासमा हात घालेल शे."

ही रीत नव्हती. पण रीत मोडायला सुरुवात नानानं केली होती. पार्वताबाई बाजूला सरकली. अभिमन पाटीपाशी बसला, गव्हात मनगटापर्यंत हात घातला आणि मूठ वळली. गहू चांगला होता, कोरडा, टपोरा. त्याच्या हाताला ते लगेच कळलं. मूठ वर आली आणि थरथरू लागली. बोटांच्या फटींतून दाणे गळायला लागले, सुपात, सुपाबाहेर, सारवलेल्या जमिनीवर, त्याच्या पायजम्यावर. शालू वेचायला पुढे झाली तर प्रमिलानं तिला धरून ठेवलं. त्याचं त्याला करू दे, असं ती बोलली नाही, पण तिच्या हाताच्या पकडीतून शालूला ते समजलं.

नाव घेतल्याशिवाय मूठ सुपात पडत नाही. नाव घ्यायचं काम नानाचं, आणि नाना गप्प होता. अभिमनची मूठ सुपावर तशीच कापत राहिली. स्वतःचं नाव स्वतः घेता येत नाही, तेवढी रीत त्यालाही मोडवेना.

"अभिमन," भिंतीपासून म्हातारी भिकुबाई म्हणाली. वर्षभर जिला कुणी काही विचारलं नव्हतं तिचा आवाज खणखणीत आला. "मना अभिमन."

त्यानं मूठ उघडली. निम्मे दाणे आधीच सांडले होते. त्यानं सांडलेले सगळे गोळा केले, एकेक, घाई न करता, आणि सुपात टाकले. कुणी मदत केली नाही आणि कुणी तोंडही फिरवलं नाही. बाहेर ओट्यावर तोताराम आप्पा खोकले. ते अजून गेले नव्हते.

नानानं डोळे पुसले. "पडनी ना मूठ?" तो म्हणाला. "आते उठ. दळनले उशीर व्हई ऱ्हायना."

"मूठ पडनी," अभिमन म्हणाला. "पाव बाकी शे."

आणि त्यानं तो कापता हात पुन्हा गव्हात घातला.